विजेच्या उसळीस आखूड वाट

गेल्या ज्येष्ठांत आमचें खापरखेड्यास जाणें झालें. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यांत, कन्हान व कोलार या नद्यांच्या आसऱ्यानें वसलेलें हें गांव आमच्या कित्येक वाचकांस निदान नांवानें तरी ठाऊक असेल. कारण तेथील औष्णिक वीजगृहाचीं धुराडीं दूरवरूनच नजरेंत भरतात. लहान संचांचें जुनें वीजगृह तेथें पूर्वींच होतें. आजच्या केंद्राचा पहिला संच १९८९ सालीं सुरू झाला. पुढें २१० मेगावॅटचे एकूण चार संच उभे राहिले, आणि शेवटीं ५०० मेगावॅटचा पांचवा आला. सर्वांची मिळून शक्ति १३४० मेगावॅट होते. आसपास वलनी, सिल्लेवाडा वगैरे कोळशाच्या खाणी आहेत. अशा गांवीं विजेची वाण ती कसली, असें परक्या माणसास वाटावें. परंतु ज्या गांवीं वीज जन्मास येते त्याच गांवीं विजेच्या एका क्षणाच्या उसळीनें आमच्या थोरल्या काकांच्या नाकाशीं येणारा प्राणवायु कसा थांबला, हें या महिन्याच्या पानांत सांगावयाचें आहे. गोष्ट घरची आहे. पण तींतील शास्त्र प्रत्येक घराचें असल्यामुळें ती वाचकांपुढें मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

काकांनीं ऐंशी ओलांडली आहे. फुप्फुसें थकल्यामुळें डॉक्टरांनीं त्यांना घरींच प्राणवायु देणारें यंत्र लावून दिलें आहे. हें यंत्र कांहीं चमत्कार करीत नाहीं. भोंवतालचीच हवा तें दाबून ‘झिओलाइट’ नांवाच्या खड्यांच्या नळकांड्यांतून नेतें. खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेला प्राणवायु नळीवाटे नाकाशीं येतो. मात्र त्याला अखंड वीज पाहिजे. गांवांतील विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून यंत्राच्या अलीकडे एक स्टॅबिलायझर बसविलेला होता. म्हणजे यंत्राचा राखणदारच म्हणावयाचा.

मृगाच्या पहिल्या पावसाची ती रात्र. नऊच्या सुमारास आभाळ गडगडूं लागलें, आणि एक वीज रस्त्यापलीकडे कोठें तरी पडली. घरावर ती पडली नाहीं हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. दिवे एकदां मिचकले व पुन्हां लागले. पंखे फिरत होते. स्टॅबिलायझर मात्र मुका झाला, आणि त्याच्या पाठोपाठ यंत्राची ती नेहमींची घरघर थांबली. धाकट्या वहिनींनीं धांवत जाऊन कोपऱ्यांतील सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला, म्हणून श्वास तुटला नाहीं. घरांत लहानमोठीं पंधरा माणसें. त्यांत विजेचें शिकलेला एकटा आमचा पुतण्या, आणि तो नागपुरास कामावर. त्याचा फोन लागेपर्यंत, आणि लागल्यावर “स्टॅबिलायझर बाजूला काढा, आजोबांच्या यंत्राची पिन सरळ भिंतीच्या सॉकेटांत घाला” हें त्याचें म्हणणें कोणाच्या तरी नीट ध्यानांत येईपर्यंत चाळीस मिनिटें गेलीं. यंत्र पुन्हां घरघरूं लागलें. त्या चाळीस मिनिटांत सिलिंडरवरील कांटा खालीं सरकत असलेला आम्ही सर्वजण पाहत होतों, आणि कोणी कोणाशीं बोललें नाहीं.

आभाळ दाटून आलें कीं टेलिव्हिजनची पिन काढून ठेवावी, हा आतां घरोघरचा शिरस्ता झाला आहे, आणि तो उत्तमच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें ‘दामिनी’ या नांवाची जी सोय मोबाइलवर करून दिली आहे, तिच्यामुळें आसपास वीज पडण्याचा संभव आधींच कळतो; विदर्भांतील शेतावर राबणाऱ्या माणसांच्या तर ती जिवाच्या कामाची आहे. परंतु काकांच्या यंत्राची पिन काढतां येत नाहीं. जें बंद ठेवतां येत नाहीं तें सांभाळावें कसें, हाच खरा प्रश्न होता.

रविवारीं पुतण्या आला आणि ओसरीवर टेबल मांडून त्यानें तो स्टॅबिलायझर उघडला. आमच्या उत्साही वाचकांस येथेंच बजावून ठेवतों कीं, अशीं खोकीं घरीं कोणीं उघडूं नयेत. पिन काढल्यावरही आंतील मोठ्या कॅपॅसिटरांत दाब शिल्लक राहतो, आणि तो हाताला चांगलाच धडा देतो. पुतण्यानें प्रथम तो दाब उतरवून घेतला, मीटर लावून खात्री केली, आणि मगच आंतील हिरवी पाटी बाहेर काढली.

या पाटीला बाजारांत नुसतें ‘बोर्ड’ म्हणतात. जुन्या रेडिओच्या पोटांत तारांचा जो गुंता असे, त्याच्या जागीं आतां ही पाटी आली आहे. व्हिएन्नांत जन्मलेल्या व पुढें इंग्लंडांत येऊन राहिलेल्या पॉल आइस्लर या गृहस्थानें १९३६ च्या सुमारास तारांऐवजीं तांब्याचा पत्रा चिकटवून त्याचें नको तेवढें तांबें कोरून टाकण्याची युक्ति योजिली, आणि त्यांतून आजची ही पाटी निघाली. पाटीवरील तांब्याच्या या पट्ट्यांना कारागीर ‘ट्रॅक’ म्हणतात. ट्रॅकची जाडी बहुधा एका मिलिमीटरचा सुमारें तिसावा भाग, म्हणजे आपल्या केसाच्या निम्म्यानें. दिसण्यांत ती कशिद्याच्या नक्षीसारखी दिसते. आणि ही नक्षी कोणीं कशी काढली यावरच पुढील सारी कथा अवलंबून आहे.

पाटीवर रुपयाएवढी एक निळी टिकली उभी होती. तिला व्हेरिस्टर म्हणतात. दुरुस्तीवाले ‘एमओव्ही’ म्हणतात. उसळी अडविण्याचें काम तिचें. आम्हीं विचारलें, “ही जळली असेल, नाहीं का?” पुतण्यानें मीटर लावून पाहिलें आणि हंसला. “काका, ही ठणठणीत आहे. मेली ती पलीकडची चिप.” पहारेकरी दाराशीं सुखरूप, आणि माजघरांत धन्याचा खून! हें कसें झालें तें समजण्यापूर्वीं उसळी म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे.

आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्टांची, आणि ती सेकंदांत पन्नास वेळां झोके घेते. हा झोका संथ आहे. उसळीचा व्यवहार याहून निराळ्या काळांत चालतो. विजेच्या कडाक्यानें जवळच्या तारांत जी उसळी उठते तिचा नमुना म्हणून परीक्षेसाठीं जी लाट ठरविलेली आहे, तिचा दाब एक-सव्वा मायक्रोसेकंदांत शिखरास पोंचतो व पन्नासाव्या मायक्रोसेकंदाला निम्मा उतरतो. तिचा प्रवाह आठव्या मायक्रोसेकंदाला शिखर गांठून विसाव्याला निम्मा होतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पापणी लवते तेवढ्या वेळांत अशा हजारों उसळ्या येऊन जातील. वीज घरावर पडावी लागते असेंही नाहीं. जवळपास पडली तरी तिच्या प्रचंड व आकस्मिक प्रवाहामुळें आजूबाजूच्या प्रत्येक लांब तारेंत दाब उत्पन्न होतो. शिवाय आभाळाचा सर्वस्वीं दोष नसतो. शेतावरचा पंप बंद केला, मोठी मोटर एकदम थांबविली, कीं तारेंतून धांवत असलेला प्रवाह अडतो आणि उसळी मारतो. भरधांव येणारा नळ एकदम बंद केला असतां नळींत जो ‘धाड्’ असा आवाज होतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

आणि एक उसळी तर आपण स्वतःच अंगावर वागवितों. नागपूरकडील वैशाखांत हवा इतकी कोरडी होते कीं, नायलॉनचें पातळ नेसून गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या कडीस हात लावावा तों चट्दिशीं ठिणगी उडते. ही ठिणगी आपल्याला जाणवते तेव्हां अंगावर तीन हजार व्होल्टांच्या आसपास दाब सांचलेला असतो. त्याहून कमी असेल तर आपल्याला पत्ताही लागत नाहीं, पण चिपेला लागतो. यंत्रांच्या परीक्षेसाठीं आठ हजार व्होल्टांची अशी कृत्रिम ठिणगी पाडतात. तिचा प्रवाह एका नॅनोसेकंदाच्या आंत, म्हणजे मायक्रोसेकंदाच्याही हजाराव्या भागांत, तीस अँपियरपर्यंत चढतो. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम आहे.

आतां त्या निळ्या टिकलीकडे येऊं. ती जस्ताच्या भस्माची केलेली असते. आमच्या वैद्यांचें यशद भस्म तें हेंच, आणि तान्ह्या मुलांच्या अंगावर पुरळ उठलें असतां जें पांढरें मलम लावतात त्यांतही तेंच. इतर कांहीं धातूंचीं भस्में अल्प प्रमाणांत मिसळून तें भाजलें असतां त्याच्या कणाकणांमध्यें अशी सीमा तयार होते कीं, नेहमींच्या दाबाला ती भिंतीसारखी उभी राहते आणि दाब मर्यादेबाहेर गेला कीं दारासारखी उघडते. जपानांतील मात्सुशिता कंपनींत मात्सुओका या संशोधकानें १९७० च्या सुमारास हा गुण पुढें आणिला, आणि तेव्हांपासून जस्ताचें भस्म विजेच्या पहाऱ्यावर उभें आहे. आपल्या घरगुती दाबासाठीं जी टिकली वापरतात ती उसळीच्या वेळीं उघडून आपल्या टोंकांमधील दाब सातशें व्होल्टांच्या आसपास धरून ठेवते, आणि बाकीचा सारा लोंढा आपल्या अंगावरून परतवून देते.

येथेंच गोम आहे. टिकली उसळीला गिळत नाहीं. तिला वाट करून देते. ती वाट कोठून जाते?

पुतण्यानें पाटी उजेडाकडे धरून आम्हांस दाखविली. वीज पाटीवर येते तें स्क्रूचें टर्मिनल एका कोपऱ्यांत, आणि टिकली दहा सेंटिमीटर दूर दुसऱ्या कोपऱ्यांत. तेथें जागा मोकळी सांपडली म्हणून बसविलेली. टिकलीकडून माघारी टर्मिनलाकडे जाणारा ट्रॅक अवघा एक मिलिमीटर रुंद. आणि याच ट्रॅकच्या मधल्या रस्त्यावर त्या बिचाऱ्या चिपेचीही ‘ग्राउंड’ जोडलेली! इतर वेळीं त्यांत कांहीं वावगें नाहीं. चिपेचा प्रवाह मुंगीच्या पावलानें त्या ट्रॅकवरून जातो. पण दोनशें अँपियरांचा लोंढा त्याच ट्रॅकवरून परतूं लागला कीं काय होतें? दहा सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद अशा तांब्याच्या पट्टीचा रोध ओहमाचा सुमारें विसावा भाग. त्याला दोनशेंनीं गुणिलें तर दहा व्होल्ट होतात. म्हणजे ज्याला चिप ‘जमीन’ समजत होती ती जमीनच एका बाजूनें कित्येक व्होल्ट उचलली गेली. आणि दाब मोजणारी चिपेची दुसरी तार टर्मिनलापासून स्वतंत्र आलेली असल्यामुळें तिच्या पायाखालीं जमीन होती तेथेंच राहिली. पांच व्होल्टांवर जगणारा जीव या ओढाताणींत संपला. ट्रॅक काळासुद्धां पडला नाहीं. वरून पाहणाऱ्यास दोषाची खूण म्हणून कोठेंच दिसली नसती.

हें ऐकून काकू ओट्यावरून म्हणाल्या, “म्हणजे पागोळीचें पाणी अंगणांत सोडायचें सोडून स्वैपाकघरांतून मोरीकडे नेलें म्हणा कीं!” आम्हीं आजवर या विषयावर जीं पुस्तकें चाळलीं त्यांत इतका नेमका दृष्टांत आम्हांस आढळला नाहीं. छपराचें पाणी जेथें उतरतें तेथेंच पन्हळ लावून तें परभारें बाहेर घालवावें. मोरी कितीही मोठी असली तरी तिच्याकडे जाणारी वाट माजघरांतून नसावी. स्टॅबिलायझर करणाऱ्या कारागिरानें मोरी बांधली होती. तिची जागा मात्र चुकली.

चांगली पाटी आंखणारा माणूस म्हणून प्रथम पाहुणे कोणत्या दारानें येणार तें ठरवितो. जेथून बाहेरची तार आंत येते, मग ती विजेची असो, टेलिफोनची असो कीं बोटानें दाबावयाच्या बटणाची असो, तेथेंच, अगदीं उंबऱ्याला लागून, पहारेकरी बसला पाहिजे. तो रस्त्यावर बसावा, बोळांत नव्हे. ट्रॅक आधीं पहारेकऱ्याच्या पायाशीं यावा आणि तेथून पुढें चिपेकडे जावा. पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक सरळ चिपेकडे गेलेला असतो आणि त्याला एक फांटा काढून त्याच्या टोंकाला पहारेकरी लावलेला असतो. नकाशावर दोन्हीं आकृति सारख्याच. पण उसळीच्या दृष्टीनें दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर.

तें अंतर किती, याचा हिशेब मौजेचा आहे. प्रत्येक तारेच्या अंगीं एक प्रकारचा जडपणा असतो. एकदम वाढणाऱ्या प्रवाहाला ती विरोध करते. सावकाश वाढणाऱ्या प्रवाहाला हा जडपणा मुळींच जाणवत नाहीं. बारीक ट्रॅकच्या दर मिलिमीटरास हा जडपणा जवळजवळ एक नॅनोहेन्री धरतात. आतां मघांचा आंकडा घ्यावा : बोटाच्या ठिणगीचा प्रवाह एका नॅनोसेकंदांत तीस अँपियर वाढतो. म्हणजे ट्रॅकच्या दर मिलिमीटरामागें तीस व्होल्ट! फांटा एक सेंटिमीटर लांब असला तर तीनशें व्होल्ट त्या फांट्यावरच चढतात, आणि पहारेकरी कितीही कसलेला असला तरी त्याच्या मर्यादेवर हे तीनशें व्होल्ट चिपेच्या वांट्यास येतात. म्हणूनच अशा चपळ ठिणगीसाठीं ‘टीव्हीएस’ नांवाचे जे लहानगे डायोड वापरतात, ते उत्तम विकत घेऊन वाईट जागीं बसविणें म्हणजे पैसे फुकट घालविणें होय. जी गोष्ट येण्याच्या वाटेची तीच जाण्याच्या वाटेची. पहारेकऱ्याचा जमिनीकडचा पाय लांब, बारीक ट्रॅकनें जोडूं नये. पाटीच्या एका थरांत अखंड तांब्याची चादर ठेवतात. तिच्यांत पहारेकऱ्याच्या पायाशींच दोनचार भोंकें पाडून तो थेट उतरवावा. या चादरीला मध्येंच चीर पडूं देऊं नये, कारण चीर वळसा घालून जाण्यांत जी वाट वाढते तीच घात करते.

याखेरीज एक नियम आहे, आणि तो आमच्या घरांतून वेगळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. पहारेकऱ्याच्या बाहेरचा ट्रॅक ओंवळा आणि आंतला सोंवळा. दोघांना शेजारीं शेजारीं चालूं देऊं नये. कारण उसळीला स्पर्शच लागतो असें नाहीं, नुसत्या सान्निध्यानेंही ती एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर उतरते. जुन्या काळच्या आजीबाई सोंवळ्याची वलनी वेगळी ठेवीत, ओल्या वस्त्राचा वारासुद्धां लागूं देत नसत. माणसामाणसांतील तें सोंवळें पुष्कळ घरांतून गेलें, आणि गेलें हें फार चांगलें झालें. पण पाटीवर तें पाळावें. जेथें घरगुती दाबाचा भाग आणि पांच व्होल्टांचा भाग समोरासमोर येतात तेथें तर मध्यें सहाआठ मिलिमीटर कोरी जागा सोडतात, आणि कित्येकदां पाटीला आरपार खांच पाडतात, म्हणजे धूळ व दमट हवा यांच्या आधारानेंही वीज सरपटत पलीकडे जाऊं नये. खापरखेड्यासारख्या गांवीं, जेथें कोळशाची व राखेची बारीक धूळ खिडक्या लावल्या तरी आंत येते, तेथें ही खांच शोभेसाठीं नाहीं हें सांगावयास नको.

हें सर्व ऐकून आम्हांस वाटलें कीं आतां दोष सांपडला, पाटी सुधारली कीं झालें. पुतण्यानें मान हालविली आणि आम्हांस घराच्या मागील बाजूस नेलें. घराची अर्थिंग तेथें आहे. एक खड्डा, त्यांत कोळसा व मीठ घालून पुरलेली पट्टी, आणि तिच्यापासून निघालेली तार भिंतीवरून, गच्चीवरून फिरत, दोन वळसे घेत पुढल्या दारच्या मुख्य बोर्डापर्यंत आलेली. तारेची लांबी आम्हीं पावलांनीं मोजली. दहा मीटर सहज भरली. पाटीवर जो हिशेब मिलिमीटरांचा तोच येथें मीटरांचा. अशा तारेचा जडपणा दर मीटरास एक मायक्रोहेन्रीच्या आसपास. आठ मायक्रोसेकंदांत एक हजार अँपियर चढले तर दर मीटरामागें सव्वाशें व्होल्ट होतात, आणि दहा मीटरांत साडेबाराशें. मुख्य बोर्डावर एखादा मोठा उसळीरोधक, ज्याला वायरमन ‘एसपीडी’ म्हणतात, तो बसविला आणि त्याला ही प्रदक्षिणा घालणारी तार जोडली, तर त्याच्या मर्यादेवर हे साडेबाराशें व्होल्ट चढून सगळ्या घरांत फिरणार. म्हणून त्या रोधकाच्या दोन्हीं तारा मिळून अर्ध्या मीटराहून लांब नसाव्यात असा दंडक आहे. रोधकापासून बोर्डाच्या अर्थपट्टीपर्यंतची वाट आखूड असली, आणि घरांतील साऱ्या यंत्रांची अर्थ त्याच एका पट्टीवर आलेली असली, म्हणजे क्षणभर सगळें घर एकदम वर उचललें गेलें तरी आंतल्या आंत ओढाताण होत नाहीं. होडी लाटेवर चढते तेव्हां होडींतलीं माणसें बुडत नाहींत, त्यांतला हा प्रकार.

बाजारांत ‘सर्ज’ असा शब्द छापलेले जे एक्स्टेन्शन बोर्ड मिळतात त्यांविषयीं दोन शब्द येथेंच सांगून टाकतों. त्यांतील टिकल्यांपैकीं कांहीं अर्थच्या तारेवर विसंबून असतात. आमच्या पाहण्यांतील कित्येक सुशिक्षित घरांतून भिंतीच्या सॉकेटांत अर्थचें भोंक आहे पण त्याच्या मागें तार नाहीं. कोठें तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटांत बसावा म्हणून तिसरी पिन कापून टाकलेली आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. त्याच्यापुढें हजार रुपयांचा रोधक लावून घरधनी निर्धास्त झोंपतात! याशिवाय टिकलीला आयुष्य असतें. प्रत्येक मोठी उसळी तिचें थोडें सत्त्व घेऊन जाते, आणि शेवटीं ती तापूं लागते. म्हणून तिच्या अलीकडे फ्यूज असलाच पाहिजे, आणि बोर्डावर रोधक जिवंत असल्याचा दिवा असेल तर तो विझला कीं बोर्ड बदलला पाहिजे.

परततांना आम्ही वीजगृहाच्या बाजूनें आलों. आंत जाण्याची परवानगी आम्हीं मागितली नव्हती. रस्त्यावरून दिसलें तेवढेंच पाहिलें. उच्च दाबाच्या मनोऱ्यांवर सर्वांत वर जी बारीक तार असते ती वीज वाहून नेत नाहीं. आभाळाची वीज खालच्या तारांवर पडण्यापूर्वीं आपल्या अंगावर घ्यावी व मनोऱ्याच्या पायांवाटे जमिनींत सोडावी, हें तिचें काम. वीजगृहाच्या आवारांत ट्रान्स्फॉर्मरांच्या अगदीं शेजारीं चिनीमातीच्या वा रबरासारख्या पदार्थाच्या उंच नळकांड्यांतून जे तडितरोधक उभे करतात, त्यांच्या पोटांत जस्ताच्या त्याच भस्माच्या वड्यांची उतरंड असते. टिकली तीच, फक्त माणसाहून उंच. आणि तेही ट्रान्स्फॉर्मराला लागून, कारण तारेवरून येणारी लाट मायक्रोसेकंदांत तीनशें मीटर धांवते, ट्रान्स्फॉर्मराच्या टोंकावर आदळून दुप्पट होते, आणि रोधक दूर असला तर त्याची मदत पोंचण्यापूर्वींच घाव बसून जातो. आवारांत जी खडी पसरलेली असते तिच्याखालीं तांब्यालोखंडाची जाळी पुरलेली असते. म्हणजे आपल्या पाटीवरील तांब्याची चादरच, फक्त एकरांनीं मोजावयाची.

पुतण्यानें काकांचा स्टॅबिलायझर दोन दिवसांत दुरुस्त केला. नवी चिप घातली. जुन्या जागची टिकली काढून टर्मिनलाच्या स्क्रूंनाच नवी टिकली जोडली. तिच्या अलीकडे स्वतंत्र फ्यूज दिला. आणि चिपेची ग्राउंड त्या सामाईक ट्रॅकवरून सोडवून जाड तारेनें एकटीच टर्मिनलापर्यंत आणली. दाब मोजणाऱ्या तारेंत एक रोधक आणि चिपेच्या पायाशीं एक लहान कॅपॅसिटर, एवढेंच आणखी. खर्च शंभर रुपयांच्या आंतच झाला. अर्थिंगची तार मात्र वायरमनकडून नव्यानें ओढावी लागली. खड्डा पुढल्या दारीं, मुख्य बोर्डाच्या बरोबर खालीं घेतला. तो नेमका तुळशीवृंदावनाला लागून आल्यामुळें काकूंनीं प्रथम थोडी कुरकुर केली. पण खड्डा उन्हाळ्यांत ओला ठेवावा लागतो असें कळल्यावर त्यांनींच तें काम आपल्याकडे घेतलें. आणि त्या रात्रीच्या चाळीस मिनिटांची आठवण म्हणून धाकट्या वहिनींनीं एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘स्टॅबिलायझर बंद पडल्यास यंत्राची पिन भिंतींत घालावी’ असें लिहून तो काकांच्या उशाशीं चिकटविला आहे, आणि घरांतील दहा वर्षांच्या मुलीपासून सर्वांकडून तें एकदां करवूनही घेतलें आहे.

श्रावणांत तिकडून पत्र आलें. पुन्हां एका रात्रीं जवळच वीज पडली. स्टॅबिलायझरांतून ‘फट्’ असा आवाज झाला, करपल्याचा वास आला. यंत्र मात्र थांबलें नाहीं. सकाळीं खोकें उघडून पाहिलें तों टिकली दुभंगली होती व तिचा फ्यूज गेला होता. पुतण्यानें वीस रुपयांची नवी टिकली घातली, आणि जुनी काकांनीं मागून घेऊन आपल्या चष्म्याच्या डबींत ठेवली आहे.